डावा कान

टिळक रस्त्यावर, औषधांच्या दुकानावर माझी ती खोली:
भिंतींना फोम, दाराला दुहेरी रबर.
आत बसलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं.
बरेच पेशंट घाबरतात तिथं.

भागूजी केंगले खुर्चीवरच मांडी घालून बसले
आणि म्हणाले, "झ्याक हाय.
मचाणावर अशीच असायची.
फकस्त हितं डास न्हाईत."

हेडफोन चढवले. काचेपलीकडून माईकवर सांगितलं,
आवाज आला की बटण दाबा, नुसतं वाटलं तरी.
"वाटलं तर न्हाई," ते म्हणाले. "आला तरच."

डावा कान वयाच्या मानानं बरा.
उजवीकडं आलेख घसरत गेला,
आणि चार हजारांवर सरळ दरीत.
कधीपासून?
"एकाहत्तर साल. नाताळाची सुट्टी."

साहेब पुण्याचेच, कँपातले, मोटारीचे पार्ट विकायचे.
जंगलात काही वाजलं की कोपरानं ढोसायचे:
काय म्हणतंय?
वानर खकरलं, की हे सांगायचे, थांबा साहेब,
वानराला घारसुद्धा पुरते.
भेकर भुंकलं, की भुंकू द्या,
ते पडल्या पानालाही भुंकतं.
पण सांबर.
"सांबार फुकट बोलत न्हाई, बाई.
येकदा ढांक, म्हंजी वास आलाय, खातरी न्हाई.
ढांक, आन् म्होरला पाय हापटला,
म्हंजी दिसलं."
त्यांनी टेबलावर तळहात आपटून दाखवला.
माझ्या यंत्राचा काटा थरथरला.
"शेपूट ताठ. कान एका जागी. पळत न्हाई.
पळणारं काय सांगणार?
जे हुबं ऱ्हातं, ते सांगतं."

त्या रात्री पाणवठ्यावर मादी होती, मागं पाडस.
ढांक. पाय.
ढांक.
काय म्हणतंय?
बिबट्या, हे म्हणाले, खालच्या जाळीत,
आणि साहेब जाळीकडं बघत राहिले.
हे मादीकडं बघत होते.
ती जाळीकडं बघत नव्हती.
वारं फिरलं होतं.

"ती आमालाच सांगत व्हती, बाई.
कळपाला न्हाई, पाडसाला न्हाई. आमाला.
दिसलायसा, म्हणं. आता काय उपेग न्हाई.
उतरा, घरला जावा."
नऊ हिवाळे त्यांनी त्या आवाजाचा अर्थ सांगून
साहेबांकडून ज्वारी आणि रॉकेल घेतलं होतं.
निरोप कुणाच्या नावचा, हे कधी विचारलंच नव्हतं.

"मंग सायबालाबी कळलं.
बार माझ्या खांद्यावरनं गेला."

लागली का तिला? मी विचारलं.
ते समोर फोमकडं बघत राहिले.
मग माझ्याकडचा हिरवा दिवा लागला.
त्यांनी बटण दाबलं होतं.
मी कुठलाच सूर सोडला नव्हता.

असल्या दाबण्यासाठी आमच्या तक्त्यात एक रकाना असतो.
मी तो कोरा ठेवला.

डाव्या कानाला यंत्र बसवलं. हमी दोन वर्षं,
अंघोळीला काढायचं, बॅटरी बुधवार पेठेतही मिळते,
हे सगळं नातवानं मोबाइलवर लिहून घेतलं.
खाली सिग्नल सुटला होता.
भागूजी जिन्यात थबकले,
दोन बोटांनी यंत्र चाचपलं,
रिक्षा, बुलेट, पीएमटी,
शाळेच्या व्हॅनचा तो वर चढत जाणारा भोंगा,
सगळं पहिल्यांदाच डावीकडून आत आलं.

"हितं समदीच वरडत्यात," ते म्हणाले.
"पाय कोन हापटत न्हाई."

शिवाजीनगरहून घोडेगावची एसटी पावणेपाचला होती.
रस्ता ओलांडताना नातू सांगायची वाट न बघता
त्यांच्या उजव्या बाजूला गेला.